आजोबांचं गाव, माझे मावळे

मेलबर्नला आल्यापासून मी दर दिवाळीला बॅकयार्डात किल्ला करतो. मुलांसाठी करतो असं सांगायची सोय आता उरलेली नाही. मुलगी युनिव्हर्सिटीत जाते आणि मला माती मळताना बघून "डॅड, यू आर सो एम्बॅरसिंग" एवढंच म्हणून गाडी घेऊन निघून जाते. बायकोचं म्हणणं याहून स्पष्ट असतं. "पन्नाशी उलटली तुझी. ते चिखलाचे पाय घेऊन कार्पेटवर आलास तर बाहेरच जेवायचं," ती म्हणते. आणि एकदा खरंच बाहेर ताट आणून दिलं होतं तिने.

मी पाण्याच्या पाइपलाइनी डिझाइन करतो. नोकरीत सगळी माती कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर. हाताला लागते ती वर्षातून एकदा, याच दिवसांत. त्यामुळे किल्ल्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. सिमेंट चालत नाही, थर्माकोल तर नाहीच. दरवाजा वाटेच्या सरळ समोर काढलेला दिसला की माझं डोकं फिरतं, कारण तो दरवाजा नाही, शत्रूला दिलेलं आमंत्रण आहे. मंडळाच्या दिवाळीत एकाने दुकानातून आणलेला प्लास्टिकचा तयार किल्ला मांडला होता. त्याच्याशी मी अजून मोकळेपणाने बोलत नाही.

आमच्या उजवीकडच्या घरात एक इटालियन जोडपं राहतं. आम्ही इथे आलो तेव्हाच ते म्हातारे होते, आता नव्वदीला टेकलेत. आमची मुलगी लहानपणी त्यांना आजी-आजोबा म्हणायची, तेच आमच्याही तोंडात बसलं. माझं नाव आजोबांना कधी जमलं नाही, म्हणून मी मेट. डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर टोमॅटो लावले. आमच्या आणि त्यांच्या कुंपणाच्या दोन फळ्या त्यांनीच काढून टाकल्यात. एक काढली टोमॅटो देता यावेत म्हणून, आणि दुसरी, आजीला त्या फटीतून येता येईना म्हणून. उन्हाळ्यात ते दोघं वर्षभराचा टोमॅटो सॉस करायचे तेव्हा आम्ही बाटल्या धुवायला जायचो. दिवाळीचा फराळ आमच्याकडून जायचा. आजींना चकली आवडायची, आजोबांना फक्त बेसनाचा लाडू.

आमचा पहिला किल्ला झाला त्या वर्षी आजोबा कुंपणावरून बघत म्हणाले होते, "मेट, फार लवकर केलंस. ख्रिसमसला अजून दोन महिने आहेत." मला कळेना. मग त्यांनी आत बोलावून खोक्यातून मातीची चित्रं काढून दाखवली. मेंढपाळ, मेंढ्या, गाढव, पाव भाजणारी बाई. त्यांच्याकडे ख्रिसमसला घराघरात डोंगर करतात, त्यावर शेवाळं लावतात, घरं बसवतात आणि खाली गोठ्यात बाळ येशू. आमचा डोंगर बघून त्यांना वाटलं, हे लोक तेच करतायत पण तारीख चुकलेत. मी त्यांना महाराज आणि मावळे दाखवले. त्यांनी प्रत्येक मावळा हातात घेऊन नीट बघितला आणि "गुड पेंटिंग" म्हणून पसंतीची मान हलवली. तेव्हापासून दर वर्षी माझ्या किल्ल्याचं परीक्षण त्यांच्याकडे.

गेल्या दोन-तीन वर्षांत आजींचं विसरणं वाढलं. आधी गॅस, किल्ल्या. मग इंग्रजी गेलं. इतकी वर्षं माझ्या बायकोशी भाजीवाल्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्यावर इंग्रजीत गप्पा मारणारी बाई एक दिवस नुसतीच हसून बघायला लागली. मग शाळेत शिकलेलं शुद्ध इटालियनही गेलं, आणि उरली गावाची बोली. ती त्यांच्या मुलीलासुद्धा अर्धीच कळते.

सगळ्यात अवघड झाली संध्याकाळ. ऊन कुंपणाच्या वर गेलं की आजी उठायच्या, कोट घालायच्या, पर्स घ्यायच्या आणि आजोबांना म्हणायच्या, "घरी ने मला." रोज. आजोबा रोज समजावायचे की घर लांब आहे, विमानाने जावं लागतं, तिथे आता आपलं कोणी उरलं नाही. त्यावर त्या चिडायच्या, रडायच्या. कुंपणापलीकडून रोज तेच तेच ऐकून ते बोलीतले चार शब्द मलाही पाठ झाले. एकदा आजोबा बाथरूममध्ये असताना त्या निघाल्याच. मेन रोडच्या बसस्टॉपवर बसलेल्या सापडल्या.

त्यानंतर त्यांच्या मुलीने निर्णय घेतला. ती मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि कामावरून सुटल्यावर आठवड्यातून तीनदा ट्रॅफिकमधून इथे येते. तिचा चेहराच थकलेला दिसायचा. दिवाळीच्या आधी ड्राइव्हवेत भेटली तेव्हा म्हणाली, "एका चांगल्या नर्सिंग होममध्ये आईसाठी खोली मिळतेय. नर्सेस इटालियन बोलतात, जेवण आपलं, पॅसेजमध्ये सगळीकडे डोंगरावरच्या गावांचे फोटो लावलेत. तिला घर हवंय ना, इटली हवीय. इटली मी देऊ शकत नाही, पण हे देऊ शकते. पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचंय."

"आणि आजोबा?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठी खोली नाहीये. ते भेटायला जातील. मी नेईन."

आजोबांना हे मान्य नव्हतं, पण नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणही नव्हतं. बायको रोज घर मागते आणि आपण ते देऊ शकत नाही, हे त्यांना दिसत होतंच. पुढच्या सोमवारनंतर आपल्याला एकट्याने झोपावं लागणार, एवढं एकच वाक्य ते माझ्याशी बोलले, तेही टोमॅटोच्या रोपांकडे बघत.

त्या शनिवारी मी मातीचा ढीग घालून बसलो होतो. यंदा राजगड करायचा बेत होता. तिन्ही माच्यांची रेघ मारून झाली होती. आजोबा काठी टेकत फटीतून आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मेट, या वर्षी माझं गाव कर ना."

"कशासाठी?" मी विचारलं.

"तिला समोर दिसलं तर ती मागायची थांबेल. रोज संध्याकाळी इथे आणून बसवीन. मग मुलीला सांगता येईल की गरज नाही," ते म्हणाले.

राजगड सोडायचा म्हणजे मला जडच गेलं, खोटं कशाला सांगू? पण नाही म्हणण्याची प्राज्ञा नव्हती. मी पायाने तिन्ही माच्या पुसल्या आणि विचारलं, "बरं, पाण्याची सोय काय आहे तुमच्या गावाला?" किल्ला समजून घ्यायचा तर मी पाण्यापासून सुरुवात करतो.

त्यांच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण आजोबा ते जसं घेतात तसं मला लिहिता येत नाही. मध्य इटलीतल्या डोंगरांत, एका लांबट सुळक्यावर ते बसलंय. तीन बाजूंना कडा आणि चौथ्या बाजूने वाट. म्हणजे किल्ल्याला जशी जागा हवी तशीच. मी त्यांना फोनवर उपग्रहाचा नकाशा काढून दिला. वरून छपरांचा लालसर पट्टा दिसला, मध्ये एक चौक, टोकाला एक बुरूज. रस्त्यांचे फोटो काढणारी गाडी मात्र गावाच्या दरवाज्यापाशीच थांबली होती, कारण आतल्या गल्ल्यांत ती शिरतच नाही. त्यामुळे दरवाज्यापर्यंत इंटरनेट आणि दरवाज्याच्या आत आजोबा, अशी कामाची वाटणी झाली.

इंटरनेट बरं होतं असं म्हणायची वेळ आली. आजोबांनी चर्च तीनदा हलवलं. आधी चौकाच्या वर, मग खाली, मग पुन्हा वर. दर वेळी काठीने दाखवून, ठामपणे. तिसऱ्या वेळी मी ओल्या मातीचा गोळा हातात धरून म्हणालो, "आता हे शेवटचं. याच्यानंतर पोपने सांगितलं तरी हलवणार नाही." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण इतिहास ते झकास सांगायचे. गावाला सगळ्यात खाली जो तट आहे तो रोमन लोकांच्याही आधीचा. डोंगरी टोळ्यांनी बैलाएवढे धोंडे चुन्याशिवाय एकमेकांत असे बसवलेत की फटीत सुरी जात नाही. रोमन आले तेव्हा त्यांनी रस्ता खाली खोऱ्यातून नेला आणि लोकही सुखाने खाली उतरले. रोमन राज्य बुडाल्यावर लुटारू आले आणि खोऱ्यात मलेरिया, तेव्हा सगळे निमूटपणे परत वर चढले. मग एका सरदाराने टोकाला बुरूज बांधला. लोकांनी त्याच्या आश्रयाने घरं बांधली, एकमेकांना चिकटून, बाहेरच्या बाजूला भिंतीत फक्त लहान झरोके. म्हणजे गावकुसाची घरं हाच तट. "आणि दरवाजा?" मी विचारलं. तर आजोबा म्हणाले, दरवाजातून आत गेलं की लगेच वाट उजवीकडे काटकोनात वळते, समोर नुसती भिंत, आणि वर माणूस उभा राहील असा सज्जा. मी मातीचे हात तसेच ठेवून उठलो आणि बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस का? यांचा दरवाजा आपल्यासारखा आहे!" ती खिडकीतून म्हणाली, "छान. आता त्यांच्यासारखा सॉसही कर." तिला किल्ल्यांतलं काही कळत नाही.

पाण्याची सोय म्हणजे चौकाखाली खोदलेलं मोठं टाकं. सगळ्या छपरांचं पाणी त्यात यायचं. टाक्याचं तोंड चौकाच्या मधोमध, दगडी कठड्याचं, दोरांनी चरे पडलेलं. ते मी आधी केलं. चर्चच्या भिंतीत एक रोमन शिलालेखाचा दगड उलटा बसवलाय. पूर्वी मोठा भूकंप होऊन पूर्वेकडची अर्धी आळी कड्याखाली गेली, तेव्हा पडझडीतले सापडतील ते दगड घेऊन चर्च पुन्हा बांधलं. लहानपणी आजोबा आणि त्यांचे मित्र मान उलटी करून ते वाचायचा प्रयत्न करायचे, पण लॅटिन कुणालाच येत नव्हतं. गावाचा पैसा सगळा मेंढ्यांचा. थंडी आली की कळप दक्षिणेच्या सपाटीवर न्यायचे, महामार्गाएवढ्या रुंद हिरव्या वाटांनी, आणि वसंतात परत वर आणायचे. चर्चमधली सोनेरी वेदी त्या लोकरीवर झाली. बुरुजावरून एका बाजूला बर्फाचा डोंगर दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर दुसऱ्या बाजूला समुद्राची पट्टी.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर युद्ध आलं, एक हिवाळा जर्मन सैनिक होते, मग ते गेले," आजोबा म्हणाले. "मग सरकारने नळ दिला आणि पक्का रस्ता केला. लोकांनी वर यावं म्हणून केला, आणि त्याच रस्त्याने सगळे खाली गेले. मी मेलबर्नला, भाऊ बेल्जियमच्या खाणीत. दोन वर्षांनी मी तिला बोलावून घेतलं. लग्न इथे झालं."

दोघंही एकाच गावचे, पण तो हिवाळा आजोबांनी गावात काढला नव्हता. त्यांचं घराणं मेंढपाळांचं, ते सगळे वरच्या डोंगरात मेंढ्यांच्या झोपडीत लपले होते. आजी गावातच होत्या. त्यांचं घर दरवाज्याला लागून, आत शिरल्यावर पहिलंच. त्या घराची खिडकी आजोबांनी मला चारदा उकरायला लावली. मला तटाच्या दगडांत जास्त रस होता, म्हणून त्या हिवाळ्याबद्दल मी पुढे काही विचारलं नाही.

गुरुवारपर्यंत गाव उभं राहिलं. आजोबांच्या शेडमधली जुनी कौलं फोडून मी छपरं केली. डँडेनॉन्गहून आणलेलं अळीव उतारावर पेरलं होतं, ते बोटभर वर आलं होतं. बायकोने आपणहून चर्चच्या मनोऱ्यात एक घुंगरू टांगून दिलं आणि काडीने हलवून दाखवलं. आजोबांनी खोक्यातून सगळ्या मेंढ्या आणल्या आणि एकेक करून स्वतः उतारावर ठेवल्या. वाकणं जमत नव्हतं तर गुडघ्यावर बसले. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि बराच वेळ तो खांदा सोडला नाही.

"उद्या आणतो तिला. मुलीलाही बोलावलंय," ते म्हणाले.

शुक्रवारी मी ऑफिसमधून दुपारीच निघालो. घरी येऊन गावावर शेवटचा हात फिरवला, पाणी शिंपडलं. आणि मग मला गाव रिकामं वाटायला लागलं. मेंढ्या होत्या, मेंढपाळ होता. पण इतका चांगला काटकोनातला दरवाजा आणि त्यावर पहारा नाही? जन्मभर मी पहाऱ्याशिवाय दरवाजा ठेवलेला नाही. पुण्याहून आणलेली, एअरपोर्टवर मातीची वस्तू म्हणून डिक्लेअर केलेली आणि तिथल्या बाईने एकेक उघडून बघितलेली माझी चित्रं कपाटात पडून होती. मी दोन भालाईत मावळे दरवाज्याच्या दोन बाजूंना उभे केले. एक सज्ज्यावर. बुरुजावर तोफ आणि गोलंदाज. आजोबांना मावळे आवडतातच, बघून खूश होतील, असं मनात म्हणालो आणि हात धुवायला गेलो.

बाहेर आलो तर आजोबा आजींना घेऊन फटीतून येतच होते. मागे त्यांची मुलगी. आजींनी कोट घातला होता, हातात पर्स. त्यांची वेळ झाली होती. आजोबांनी त्यांना गावाच्या समोर ठेवलेल्या खुर्चीकडे आणलं आणि बोलीत काहीतरी हळूहळू सांगायला लागले. चर्च, टाकं, बुरूज. काठीने एकेक जागा दाखवत. आजी बसल्या नाहीत. उभ्याउभ्या बघत राहिल्या. त्यांना गाव ओळखू आलं, याबद्दल मला तरी शंका नाही. त्यांची नजर चौकातून खाली आली, नेमकी गल्लीने आली, आपल्या खिडकीशी थांबली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग नजर दरवाज्यावर गेली.

त्यांचा चेहरा विझलाच. कोणी दिवा घालवावा तसा. त्यांनी आजोबांचं तोंड हाताने दाबलं आणि त्यांना खाली ओढलं. नव्वदीच्या बाईने, बागेतल्या ओल्या गवतावर, खुर्चीमागे. मुलगी "ममा, ममा" करत धावली तर तिच्याकडे बघून ओठांवर बोट. सगळ्यांनी गप्प बसायचं. मग दबक्या आवाजात त्या भराभर बोलायला लागल्या. आजोबा त्यांच्या हाताखालून माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत मला प्रश्न दिसत होता. त्यांनीही मावळे तेव्हाच पाहिले होते.

त्या काय म्हणत होत्या ते आजोबांनी नंतर सांगितलं. म्हणत होत्या, बोलू नकोस, ते दारात उभे आहेत. पापा आत आहेत. पापांना सांग, पुढच्या दाराने बाहेर येऊ नका.

पुढे होऊन मी ते मावळे उपटले, सज्ज्यावरचा, बुरुजावरचा गोलंदाज, तोफ, सगळं, आणि खिशात कोंबलं. एकाचा भाला मोडला. सज्जा कोसळला. रिकामे हात आजींसमोर धरून "गेले, गेले" असं मी मराठीत म्हणत होतो, हे माझं मला नंतर कळलं. आजोबा ते त्यांच्या बोलीत म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणाले. आजींनी खुर्चीमागून डोकं काढून दरवाजा बघितला, मग आम्हा दोघांच्या आधाराने उठल्या. त्यांचे गुडघे चिखलाने भरले होते.

आजोबांनी अजून आशा सोडली नव्हती. आजींचा हात धरून ते पुन्हा गावाकडे वळले आणि ती खिडकी दाखवली. हे बघ, तुझं घर.

आजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरी ने मला," त्या म्हणाल्या. तेच चार शब्द, मला पाठ असलेले.

आजोबांनी परत खिडकी दाखवली. तेव्हा आजी चिडल्या. त्यांनी आजोबांची काठी ढकलली, गावाकडे पाठ केली आणि स्वतःच चालायला लागल्या. फटीतून पलीकडे, टोमॅटोच्या वाफ्यांमधून, मागच्या दाराने आपल्या स्वयंपाकघरात. आम्ही सगळे त्यांच्या मागे. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. कोट काढून खुर्चीवर टाकला. आजोबांना खूण करून दार बंद करून घ्यायला लावलं आणि कडी स्वतः हलवून बघितली. मग वळल्या तर समोर मी, अंगभर चिखल. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि इंग्रजीत, गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच, म्हणाल्या, "यू हंग्री? यू ईट समथिंग?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांनी पावाचे तुकडे आणि ऑलिव्हचं तेल पुढे ठेवलं आणि मी ते उभ्याउभ्या खाल्लं. मी आजोबांची माफी मागितली. त्यांनी हात झटकला, जणू तो विषयच नव्हता. ते खुर्चीत बसून बायकोकडे बघत होते. ती सिंकपाशी उभी राहून एक स्वच्छ कप पुन्हा धूत होती.

"तिच्या वडिलांना त्या हिवाळ्यात सैनिक कामाला धरून घेऊन गेले आणि ते परत आले नाहीत," आजोबा म्हणाले. "हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. पण ती दारात होती, तिने बघितलं, हे तिने कधी सांगितलं नाही. कधीच नाही. दर ख्रिसमसला मी डोंगर करायचो, गावाच्या गोष्टी सांगायचो, ती ऐकायची आणि पास्ता वाढायची. मला वाटायचं, हिला गावाची आठवण येते म्हणून ही गप्प होते." मग ते म्हणाले, "आठवण मला येत होती, मेट. ती तर तिथून सुटून आली."

त्यांच्या मुलीने दोन्ही हातांत चेहरा लपवला. नर्सिंग होमच्या पॅसेजमधले ते डोंगरावरच्या गावांचे फोटो तिला आठवले असणार. मला तर आठवलेच. तिने आईच्या गुडघ्यांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसून काढला, आजोबांशी बराच वेळ इटालियनमध्ये काहीतरी बोलली, आणि मला पोचवायला दारापर्यंत आली तेव्हा म्हणाली की सोमवारी ती नाही म्हणून कळवेल. दिवसातून दोनदा घरी येणाऱ्या मदतनीसासाठी अर्ज करेल. किती दिवस जमेल माहीत नाही. "पण तिथे ती रोज घाबरली असती आणि आम्हाला कळलंही नसतं," ती म्हणाली.

मी घरी आलो तेव्हा बायकोने पणत्या लावल्या होत्या. तिला सगळं सांगितलं. ती नेहमीसारखं काही बोलेल असं वाटलं होतं, पण तिने नुसता टॉवेल आणून दिला. मावळे कपाटात परत ठेवले तेव्हा मला त्यांचा राग आला होता आणि लगेच त्यांची कीवही, कारण त्यांनी बिचाऱ्यांनी काय केलं होतं?

गाव मोडू नको, असं आजोबांनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. ते एकटेच येतात, खुर्चीत बसतात, अळीव वाढून मेंढ्या दिसेनाशा झाल्या तर कात्रीने छाटतात. एकदा गारा पडून पूर्वेकडची आळी बसली, तर म्हणाले, बरोबर आहे, भूकंपातही तीच गेली होती. आजींना ते परत इकडे आणत नाहीत.

आजींची संध्याकाळ चुकलेली नाही. ऊन वर गेलं की कोट, पर्स आणि तेच चार शब्द. पण आजोबा आता वाद घालत नाहीत. विमान, अंतर, कोणी उरलं नाही, यातलं काही बोलत नाहीत. "चल," म्हणतात. पुढच्या दाराने तिला बाहेर काढतात, हात धरून कोपऱ्यापर्यंत नेतात, तिथून वळतात आणि परत आणतात. त्यांची मुलगी आलेली असली तर तीही बरोबर चालते.

परवा मी गाडीतून उतरत होतो तेव्हा ते तिघं परत येत होते. अंधारून आलं होतं. आजी लेटरबॉक्सपाशी थांबल्या, आपल्या घराकडे बघून काहीतरी म्हणाल्या. आजोबांनी उत्तर दिलं आणि त्या समाधानाने आत गेल्या.

काय म्हणाल्या, मी आजोबांना विचारलं.

"म्हणाली, आत दिवा लागलाय, कोणीतरी राहतं वाटतं इथे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो, आपणच."